नोवगोरोदची तीन थरांची सुरी

वायव्य रशियातील वोल्खोव नदीकाठच्या नोवगोरोद या व्यापारी नगरात १०व्या आणि ११व्या शतकांत वापरात असलेली सुरी दिसायला साधी होती. पाते अरुंद, पाठीला जाड आणि धारेकडे पाचरीसारखे उतरत गेलेले. पुरुष आणि स्त्रिया दोघेही ती कमरेच्या म्यानात बाळगत. भाकरी कापणे, मासे साफ करणे, चामडे कातरणे, लाकूड तासणे ही तिची रोजची कामे. तिचे मोठेपण कळते ते पाते आडवे कापून पाहिल्यावर. मधोमध पोलादाची पट्टी पाठीपासून धारेपर्यंत गेलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांना मऊ लोखंड असते.

लोखंड दलदलीच्या प्रदेशातील खनिजापासून निघे. कोळशाच्या लहान भट्टीत, हाताने चालवलेल्या भात्यांच्या वाऱ्यावर धातू वितळत नसे. मळ तेवढा पाघळून खाली जाई आणि उरे तो सच्छिद्र, स्पंजासारखा गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून घणाने ठोकला की आतली कीट बाहेर पडे. असे लोखंड चिवट, पण मऊ. त्यात कार्बन इतका थोडा की पाणी पाजले तरी ते कडक होत नाही. पोलाद करायचे तर लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीसह मातीच्या बंद भांड्यात कित्येक तास तापवत ठेवाव्या लागत. तरीही कार्बन वरच्या थरातच शिरे. वेळ आणि कोळसा दोन्ही भरपूर खाणारे हे काम असल्याने पोलाद जपूनच वापरले जाई.

घडाईची सुरुवात तीन पट्ट्या एकावर एक रचून होई. जोड पांढऱ्या आचेला येईपर्यंत तापवताना त्यावर वाळू टाकत. वाळू आणि पृष्ठभागावरचा जळका पापुद्रा मिळून काचेसारखा रस होतो. हातोडा पडताच तो फटीतून उडून जातो आणि स्वच्छ धातू एकमेकांत सांधला जातो. सगळ्यांत कसोटीचा क्षण हाच. आच कमी पडली तर सांधा धरत नाही, जास्त झाली तर पोलाद जळते, आणि ही आच लोहाराला केवळ रंगावरून ओळखावी लागे. मग पाते लांबवून दुसऱ्या टोकाला मुठीत ठोकण्यासाठी निमुळती शेपटी काढत.

यानंतर पाणी पाजणे. पाते लालबुंद करून एकदम पाण्यात बुडवले की मधले पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. बाजूचे लोखंड मऊच राहते आणि पाते मोडू देत नाही. ठिसूळपणा आणखी कमी करायचा तर पाते पुन्हा हलक्या आचेवर धरतात. साणेवर धार लावताना बाजूचे लोखंड आधी झिजते आणि पोलाद पुढे राहते. वर्षानुवर्षे घासून पाते काडीएवढे उरले तरी त्याच्या धारेला पोलादच असे. शेवटी लाकडाची किंवा हाडाची मूठ बसवत.

१२व्या शतकात ही रीत मागे पडू लागली. पाते लोखंडाचे घडवून त्याच्या काठाला पोलादाची पट्टी सांधण्याची पद्धत रूढ झाली. पाती रुंद आणि पातळ झाली. पोलाद वाचले, काम सोपे झाले, पण पट्टी झिजली की सुरी संपली. पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी या बदलाचे कारण बाजारात शोधले. त्यांच्या मते कारागीर ठरावीक गिऱ्हाइकाच्या मागणीऐवजी विक्रीसाठी माल घडवू लागला होता. सुरीच्या गुणाचा विचार केला तर ही पीछेहाटच म्हणावी लागते.

हा इतिहास इतक्या बारकाईने सांगता येतो तो नोवगोरोदच्या ओल्या मातीमुळे. १९३२ साली पुरातत्त्वज्ञ आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांनी सुरू केलेल्या उत्खननात लाकडी रस्त्यांचे थर एकाखाली एक सापडले आणि त्यांच्या ओंडक्यांतील वाढीची वलये मोजून थरांचा काळ ठरवता आला. कोल्चिन यांनी पात्यांचे छेद घासून, त्यांवर आम्लाची प्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा नोवगोरोदच्या लोहारकामावरील अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला.

मात्र हे तंत्र नोवगोरोदमध्येच जन्मले असे मानता येत नाही. स्ताराया लादोगा या त्याहून जुन्या वस्तीतही तीन थरांच्या सुऱ्या मिळाल्या आहेत, आणि स्कँडिनेव्हियातही तशाच. त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या कारागिरांबरोबर ही रीत रशियात पोहोचली, असे नंतरच्या रशियन संशोधकांचे मत आहे.