व्हिसाची निवड आणि परतीची वाट

बीदर-कलबुर्गीहून अमेरिकेत पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी निघणारे तरुण डॉक्टर परीक्षेच्या तयारीत वर्षे घालवितात. व्हिसाचा विचार मात्र अखेरीस करतात. वस्तुतः पुढील आयुष्याची दिशा बव्हंशी त्यावरच ठरते.

जे-१ व्हिसासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ हे पत्र लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन येते. एच-१बी व्हिसाला हे बंधन नाही. परंतु यूएसएमएलईचा तिसरा टप्पाही आधीच उत्तीर्ण व्हावा लागतो, शिवाय हा व्हिसा देऊ करणारी रुग्णालये थोडी.

जे-१ चे बंधन माफ होण्याचा रूढ मार्ग म्हणजे १९९४ साली सुरू झालेली कॉनराड योजना. तीत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा मिळतात. मोबदल्यात डॉक्टरांची उणीव असलेल्या भागात तीन वर्षे सेवा द्यावी लागते. म्हणजे औराद-आळंदकडील डॉक्टर परक्या मुलखातील खेड्याची उणीव भरून काढतो. आपल्या खेड्यांची उणीव तशीच राहते.

यात दोष कोणाचाच नाही. परंतु परतायचे की नाही, याचा विचार आईवडिलांसह अर्ज भरण्यापूर्वीच व्हावा. ज्येष्ठ सभासदांनी या कामी नवपदवीधरांना अवश्य मार्गदर्शन करावे.