काजळीतला उजेड: कार्बन डॉट्सची वीस वर्षं

२००४ साली अमेरिकेत, साऊथ कॅरोलायना विद्यापीठातल्या वॉल्टर स्क्रिव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करण्याचं काम चाललं होतं. विद्युत-ठिणगीतून जमलेली काजळी नायट्रिक आम्लातून काढायची, मग जेलमधून वीजप्रवाह सोडून तिच्यातले घटक वेगळे करायचे. नळ्या मागे रेंगाळल्या आणि त्यांच्या पुढे एक पट्टा झरझर सरकला. अतिनील दिव्याखाली तो चमकत होता! त्याचेही भाग पाडले तेव्हा हिरवट निळा, पिवळा, नारिंगी असे रंग निघाले. नळ्यांच्या दृष्टीने तो कचराच होता. आज आपण ज्यांना कार्बन क्वांटम डॉट्स म्हणतो, ते दहा नॅनोमीटरच्या आतले कण असे हाती लागले.

दोन वर्षांनी क्लेम्सन विद्यापीठातल्या या-पिंग सुन यांच्या गटाने ग्राफाइटवर लेसर मारून असे कण मुद्दाम घडवले आणि वर पॉलिमरचा थर चढवून त्यांची चमक वाढवली. वैद्यकातल्या संशोधकांचं लक्ष वेधलं जाणं साहजिक होतं. तोवर पेशी उजळायला वापरले जाणारे क्वांटम डॉट्स बहुतेक कॅडमियमयुक्त. त्यांचे रंग देखणे, पण पोटात जड धातू. कार्बनमध्ये ती धास्ती नाही. २००९ मध्ये सुन यांच्याच गटाने हे डॉट्स उंदरांना टोचून त्यांचा प्रकाश शरीराबाहेरून टिपला. पुढची वाट तेव्हा मोकळी दिसत होती.

मग आला स्वयंपाकघराचा काळ. २०१२ मध्ये ओडिशा आणि बंगालमधल्या संशोधकांनी संत्र्याच्या रसापासून डॉट्स बनवले. आपल्या अंबरनाथलाही माधुरी शेरॉन यांच्या गटाने २०१३ मध्ये शिंगाड्याच्या सालीपासून डॉट्स काढले. पुढच्याच वर्षी त्यांनी डिंकापासून केलेल्या डॉट्सवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन बसवलं: औषध हळूहळू सुटावं आणि ते कुठे पोचलं तेही दिसावं, ही कल्पना. साध्या साधनांत असं काम उभं राहिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

उपयोगाच्या बाजूने दोन टप्पे मी मोठे मानतो. २०१४ मध्ये ग्राफीन डॉट्सवर (हाही कार्बन डॉट्सचाच प्रकार) प्रकाश टाकून कर्करोगाच्या पेशी मारणारा ऑक्सिजन निर्माण करता येतो, हे उंदरांमध्ये दिसलं. २०१८ मध्ये कोरियन आणि अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की हे डॉट्स पार्किन्सन्समध्ये साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाचे तंतू बनू देत नाहीत, बनलेले मोडतातही, आणि उंदरांच्या मेंदूपर्यंत पोचतात. दुसरा टप्पा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे डॉट हा नुसता दिवा न राहता स्वतःच औषध झाला.

पण याच काळात एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे शुद्धीकरण. चीनमधल्या जिलिन विद्यापीठात २०१३ मध्ये सायट्रिक आम्ल आणि इथिलिनडायअमाइन तापवून केलेल्या डॉट्सची चमक (शोषलेल्या प्रकाशाच्या तुलनेत) ८० टक्क्यांपर्यंत गेली, आणि ती कृती जगभर पसरली. २०१५ मध्ये तिथल्याच संशोधकांनी उलगडून दाखवलं, की त्या निळ्या प्रकाशातला मोठा वाटा अभिक्रियेत तयार होणाऱ्या एका लहान सेंद्रिय रेणूचा आहे. शुद्धीकरणासाठी डॉट्स डायलिसिसच्या, म्हणजे लहान रेणू बाहेर झिरपू देणाऱ्या, पिशवीत ठेवतात; त्या पिशवीबाहेरच्या पाण्यावर दिवा धरला, तर तेही चमकतं. मग पेशीत शिरलं ते काय? सुरक्षित ठरला तो कण, की रेणू? याचं उत्तर नसेल तर विषारीपणाच्या चाचणीला अर्थ उरत नाही. शिवाय निळा उजेड ऊतींतून फार आत जात नाही; त्यासाठी लाल आणि अवरक्त प्रकाश देणारे डॉट्स हवेत, आणि त्यांचं शुद्धीकरण त्याहून अवघड आहे.

वीस वर्षांनंतरही हे डॉट्स रुग्णाच्या नेहमीच्या उपचारात आलेले नाहीत. या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच विनंती आहे: डायलिसिस किती तास केलं, पिशवी किती डाल्टनची होती आणि बाहेरचं पाणी चमकलं का, हे स्पष्ट लिहा.