जेसीबी भाड्याचा, ट्रॅक्टर घरचा

धान घरात आलं की साकोली-लाखनीकडच्या गावांत पडीत रानाचा विषय निघतोच. वरचं रान यंदा मोकळं करायचं का, आणि करायचं तर कशानं? कोणी म्हणतं मोठा ट्रॅक्टर घ्या, साखळी लावून खुंट ओढा. कोणी म्हणतं जुना जेसीबीच विकत घ्या, रान साफ होईल आणि वर भाडंही मारता येईल. आमच्या घरीही हा विषय बरीच वर्षं घोळत होता. मामाजींच्या हातची पाच एकर जमीन, खालच्या अंगाला बांध्या, वरच्या अंगाला पळस, बोर, बाभूळ आणि रायमुनियाचं (घाणेरीचं) असं जाळं की आत कुत्रंही शिरत नसे. मामाजी गेले, दीर नोकरीपायी नागपूरला, आणि शेत माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी ट्रॅक्टरवाले, जेसीबीवाले, वर्कशॉपवाले यांना विचारत आणि त्यांची कामं बांधावर उभी राहून बघत आले. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. रान उखडणं हे चार-आठ दिवसांचं काम आहे, त्याला यंत्र भाड्यानं आणावं. कसणं हे जन्माचं काम आहे, त्याचं यंत्र घरचं असावं.

पण यंत्राच्या आधी कागद. आपल्या भंडारा जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. मालगुजारीच्या काळापासून चराईला आणि निस्ताराला सोडलेली कितीतरी जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लागलेली आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहाही जिल्ह्यांत ती आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनच समजाव्यात असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना मात्र केंद्राच्या मंजुरीच्या अटीवर वाट ठेवली. म्हणून आपल्या धुऱ्याला लागून असलेला पळसाचा पट्टा ‘आपलाच तर आहे’ म्हणून मशीन घालायची नाही. सातबारा बघा, तलाठ्याकडे नकाशा बघा, शंका असली तर मोजणी करून घ्या. स्वतःच्या मालकीच्या रानातही साग, मोह, ऐन, बिजा, तिवस, खैर, आंबा, जांभूळ अशी झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्यात येतात, ती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. जेसीबीवाल्याला हे विचारायचं नसतं. तो तासाचा धनी, जबाबदारी आपली.

कागद झाला की रानात पायी फिरा आणि झाडांपेक्षा त्यांची मुळं ओळखा. रायमुनिया दिसायला भयंकर, पण तिला मशीन लागत नाही. जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडलं की ती परत येत नाही. नुसती वरून कापली तर दुप्पट फुटते. हे काम बायामाणसांच्या कुदळीनं मशीनपेक्षा चांगलं होतं, आणि तेवढा रोज गावात राहतो. पळसाचं उलट. वर मनगटाएवढा दिसतो, खाली मुळं लांबवर गेलेली असतात, आणि खोड तोडलं की मुळांवरून नवे धुमारे येतात. सागाचा खुंटही असाच फुटतो. शिंदीचा शेंडा गेला की ती मरते, पण बुडाचा गड्डा किती वर्षं नांगराला आडवा येईल सांगता येत नाही. बाभळीचं मूळ खोल, आणि तिचे काटे टायरचे वैरी. म्हणजे आमच्या वरच्या अंगाला खरं यंत्राचं काम होतं ते पळस, बाभूळ आणि शिंदी यांच्या बुडांचं. एवढ्यासाठी ट्रॅक्टर कमी पडतो आणि वीस टनांचा पोकलेन जास्त होतो. पोकलेन साखळीवर चालतो, त्याला ट्रेलरवर घालून आणावं लागतं. तलाव खोदायला तो ठीक, पाच एकरांतल्या झुडपांना नाही.

या दोन्हींच्या मधला म्हणजे बॅकहो लोडर, ज्याला आपण जेसीबी म्हणतो. त्याला पुढे माती ढकलायची-उचलायची मोठी बकेट असते आणि मागे खोदायचा लांब हात. इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कंपनीनं १९५३ मध्ये असं यंत्र काढलं आणि १९७९ पासून ते हरियाणात बल्लभगडला तयार होऊ लागलं. आज दुसऱ्याही कंपन्यांची तशी यंत्रं मिळतात. साधारण साडेसात टन वजन, मागचा हात साडेचार मीटरपर्यंत खाली जातो. ही ताकद कोणत्या बाजूनं वापरायची, इथंच सगळं काम चांगलं किंवा वाईट ठरतं.

आमच्याकडे आलेला ऑपरेटर तुमसरकडचा, वयानं पंचविशीच्या आतबाहेरचा. पहिल्याच पळसापाशी त्यानं गाडी थांबवली, उतरून खोडाभोवती फिरला आणि मला म्हणाला, “काकू, याले समोरून ढकललं त खोड मोडून जाईल अन् मुळं जमिनीतच राहतीन. बाजूची माती काढू पैले.” मग त्यानं सीट फिरवली, मागचे दोन पाय जमिनीला टेकवून गाडी उचलून घेतली आणि हात लांब करून झाडाच्या तीन बाजूंनी चर मारले. बकेटच्या दातांनी मुळं एकेक करून तोडली. जाड मूळ तुटताना होणारा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. चौथ्या बाजूनं बकेट बुडाखाली घातली आणि खुंट सावकाश वर घेतला. वर घेतल्यावर तो लगेच बाजूला फेकला नाही. खड्ड्यावरच दोन-चार वेळा हलवला, म्हणजे मुळांना धरलेली माती परत खड्ड्यात पडली. ही माती म्हणजे वर्षानुवर्षं पाचोळा कुजून झालेलं खत. ती खुंटाबरोबर ढिगात गेली, तर रान साफ करण्याच्या नावाखाली आपण जमिनीचा जीवच उचलून फेकतो.

भाडं तासावर असतं, मीटर गाडीतच असतो. आमच्या भागात तासाला हजार-बाराशेच्या आसपास भाव चालतो. म्हणून माणसाला वाटतं, घाई करणारा ऑपरेटर स्वस्त पडेल. तसं नाही. पुढच्या बकेटनं सगळं ढकलत नेणारा दिवसभरात दोन एकर मोकळं करून दाखवतो, आणि पुढची तीन-चार वर्षं आपण नांगराचे फाळ मोडत बसतो. मशीन ठरवण्यापेक्षा ऑपरेटर ठरवा, आणि त्यानं आधी केलेलं एखादं रान पावसाळ्यानंतर जाऊन बघा.

सपाटीचं काम तर आणखी जपून. आमच्याकडे बहुतेक सिहार आणि मोरंड जमीन, वरच्या अंगाला बर्डी. चांगली माती कुठे वीतभर, कुठे त्याहूनही कमी, खाली मुरूम. उतार एका झटक्यात सपाट केला की वरच्या बाजूला मुरूम उघडा पडतो आणि चांगली माती खालच्या टोकाला हातभर गाडली जाते. मग अर्ध्या बांधीत धान पिवळं आणि अर्ध्या बांधीत लोळलेलं. म्हणून आधी वरची माती खरवडून धुऱ्याला ढीग लावा, मग खालचा मुरूम सपाट करा, मग तीच माती परत पसरवा. तास वाढतात. वाढू द्या, माती विकत मिळत नाही.

खुंट निघालेले खड्डेही एकदम भरू नयेत. हातभर माती टाकायची, मशीनच्या चाकानं दाबायची, पुन्हा टाकायची. पोकळ भरलेला खड्डा पहिल्या जोरदार पावसात खचतो. साध्या शेतात ते दिसून येतं. बांधीत मात्र तिथूनच पाणी खाली जातं, आणि रोवणीनंतर पाणी का टिकत नाही हे कोणाला कळत नाही. हे सगळं करायला उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. तेव्हा मशीन फसत नाही, पण जमिनीत ओल असल्यानं मुळं सुटतात. मार्च-एप्रिलमध्ये तीच माती विटेसारखी होते आणि प्रत्येक खुंटाला वेळ दुप्पट लागतो.

आता ट्रॅक्टर. साखळी लावून खुंट ओढणारे मी अनेक पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी माझा जीव वर-खाली झाला आहे. ट्रॅक्टरची ओढ मागच्या चाकांतून येते. साखळी खाली, ड्रॉबारला अडकवलेली असली तर पुढची चाकं जमिनीवर राहतात. तीच साखळी वर, टॉपलिंकच्या जागी किंवा एक्सलला बांधली आणि खुंट हलला नाही, तर मागची चाकं जागेवर राहून ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा येतो. याला दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचं डोक्यात येईपर्यंत सगळं झालेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना चालकाला वाचवणारी लोखंडी कमानही नसते. ज्यांच्या घरात तरुण मुलं ट्रॅक्टर चालवतात त्यांनी हे त्यांना बसवून सांगावं. सुटा झालेला खुंट ट्रॅक्टरनं धुऱ्याला न्यावा, पण उपटायला ट्रॅक्टर लावूच नये.

मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरनं रान मोडण्याचं काम मध्य भारतात एकदा झालं आहे. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती. तेव्हा केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशननं काश गवतानं खाल्लेल्या जमिनी खोल नांगरून काढल्या. त्यासाठी जागतिक बँकेनं सप्टेंबर १९४९ मध्ये १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. आपला भंडारा त्या वेळी मध्य प्रांतात होता. पण ते साखळीवर चालणारे अवजड ट्रॅक्टर होते आणि रान गवताचं होतं. आज शोरूममधला पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दाखवून कोणी ‘हा जंगलही साफ करतो’ म्हणालं, तर त्यानं पळसाचं बुड बघितलेलं नाही.

घरी ट्रॅक्टर घ्यायचा तो धानाच्या हिशेबानं. आमच्या बांध्या लहान, धुरे अरुंद. पंचेचाळीस ते पन्नास एचपी, दोन टनांच्या आसपास वजन, एवढा पुरे. त्याहून जड घेतला तर चिखलात बसतो आणि वळताना धुरे फोडतो. फोर व्हील ड्राइव्हला पैसे जास्त लागतात, पण नव्यानं मोडलेल्या, खाचखळग्यांच्या रानात आणि चिखलणीत तो कामी येतो; जमत असेल तर घ्यावा. केजव्हील बसतात का, ते आधी विचारा. विक्रेता इंजिनाचे एचपी सांगतो, आपण पीटीओचे विचारायचे, कारण रोटावेटर त्यावर चालतो. आणि कंपनी कुठलीही असो, ऐन रोवणीत बंद पडला तर मेकॅनिक साकोलीहून येणार की नागपूरहून, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. ते गावातल्या दोन-तीन मालकांना विचारा.

पैशाचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. यांत्रिकीकरणाच्या अनुदानाला महाडीबीटीवर अर्ज करता येतो. महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत अनुदानाचा टक्का जास्त असतो. सातबारा बाईच्या नावावर असेल तर अर्जही तिच्याच नावानं करा. मात्र पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान बुडतं. जेसीबीची गोष्ट वेगळी. नवा तीस लाखांच्या पुढे जातो. जुना घेऊन भाड्यानं चालवायचा म्हटलं तर पिना-बुश, हायड्रोलिकचे पाइप, टायर आणि भरवशाचा ऑपरेटर हा एक स्वतंत्र धंदा आहे. पाच एकर रानासाठी त्यात पडू नये.

आणि सगळंच रान मोकळं करू नये, हे मी हात जोडून सांगेन. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं हातांनी माती उचलून हे तलाव बांधले, आणि वरचं झुडपी रान तसंच ठेवलं ते पाणी गाळून खाली यावं म्हणून. इथं वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तलावाच्या वरचा उतार उघडा केला तर त्याची माती थेट मामा (माजी मालगुजारी) तलावात जाते. आम्ही नाल्याच्या काठचा पट्टा आणि सगळे मोह ठेवले. मोहाखाली मशीन नेऊच दिली नाही, कारण साडेसात टनांच्या चाकाखाली त्याच्या उथळ मुळांवरची माती दबते आणि झाड दोन-चार वर्षांनी वाळतं. मार्च-एप्रिलमध्ये जाऊबाई आणि मी तिथंच फुलं वेचतो.

मोकळ्या केलेल्या जागेत पहिल्या वर्षी रोवणी केली नाही. पलटी नांगरानं एकदा नांगरलं, वर आलेली मुळं मजुरांकडून वेचून घेतली, कारण मुळं असताना रोटावेटर घातला तर पाती वाकतात. नंतर मातीचा नमुना तपासून घेतला, साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना विचारलं आणि पावसाळ्यात धैंचा पेरून फुलावर येताना गाडला. पावसानं खड्डे जिथं खचले तिथं खुणेच्या काठ्या रोवून ठेवल्या. दिवाळीनंतर धुऱ्याला राखून ठेवलेली माती ट्रॉलीनं तिथं नेऊन टाकली. दुसऱ्या वर्षी धुरे घातले, केजव्हील लावून चिखल केला आणि पऱ्हे खालच्या बांधीतूनच उपटून आणले.