मोत्याचा शिंपला : समुद्रातील बेटांवर आणि शेततळ्यात

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्याच्या उघड्या मुखात पडला की त्याचा मोती होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. शिंपल्यातील प्राण्याच्या अंगाभोवती एक पातळ पडदा असतो व त्यातून पाझरणाऱ्या द्रव्याने कवचाची आतील चकचकीत बाजू तयार होते. एखादा सूक्ष्म कृमी किंवा पडद्याचाच तुटलेला तुकडा अंगात रुतून बसला, तर त्याभोवती त्याच द्रव्याचे थरावर थर चढत जातात. तोच मोती होय. समुद्रातील शिंपल्याप्रमाणे, चांदूर रेल्वेच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वर्धा नदीसारख्या गोड्या पाण्यातील शिंपल्यातही असे घडू शकते; मात्र फार क्वचित.

एका मोत्यासाठी शेकडो शिंपले फोडावे लागत, म्हणून हा धंदा पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर चाले. तामिळनाडू व श्रीलंका यांच्यामधील मन्नारच्या आखातात पाणबुडे दगड बांधलेल्या दोरीच्या आधाराने तळाशी जात आणि सुमारे एका मिनिटात हाती लागतील तितके शिंपले गोळा करून वर येत. श्रीलंकेच्या बाजूस १९०५ सालच्या एकाच हंगामात सुमारे ८ कोटी शिंपले निघाले. त्यांपैकी तिसरा हिस्सा पाणबुड्यांना मिळे. उरलेले सरकार लिलावाने विकत असे. पुढे दोनच वर्षांनी, म्हणजे १९०७ नंतर, तेथे दीर्घकाळ हंगामच होऊ शकला नाही. आपल्या किनाऱ्यावर तुतिकोरीन येथील शेवटचा हंगाम १९६१ साली झाला.

इराणच्या आखातातील मोती प्रामुख्याने मुंबईच्या बाजारात येत. तेथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडली जात व सर ओवले जात. पाणबुडा मात्र हंगामापूर्वी घेतलेल्या उचलीत अडकलेला असे. सावकाराच्या पैशावर कपाशी पेरणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यास ही स्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मोती हा दैवाचा भाग असला तरी शिंपल्याच्या कवचास ठरलेले गिऱ्हाईक होते, कारण त्यापासून सदऱ्याची बटणे होत. ताटलीएवढ्या आकाराचा असा शिंपला ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीत विपुल होता. १८६८ च्या सुमारास तेथे हा धंदा सुरू झाला. तेथील बेटांवरील लोक तोपर्यंत कंद व नारळ यांची लागवड, मासे आणि कासवे यांवर निर्वाह करीत होते. धंदा आल्यावर धडधाकट पुरुष महिनोन् महिने शिडाच्या नौकांवर जाऊ लागले. उथळ पाण्यातील शिंपले संपले, तेव्हा अधिक खोल उतरणे प्राप्त झाले. त्यासाठी पितळी टोप व रबरी पोशाख आला आणि पुष्कळसे जपानी पाणबुडे कामास आले. खोल पाण्यात दीर्घकाळ राहून एकदम वर आल्यास रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन अंग लुळे पडते, प्रसंगी मृत्यू येतो. 'गुरुवार बेट' असा ज्याच्या नावाचा अर्थ, त्या थर्सडे आयलंडच्या दफनभूमीत शेकडो जपानी माणसे पुरलेली आहेत.

विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. काही बेटांवरील कुटुंबांनी आपल्या मिळकतीतून स्वतःच्या नौका घेतल्या होत्या. नौका त्यांच्या, श्रमही त्यांचे. परंतु हिशेबाची वही सरकारी संरक्षकाच्या कचेरीत राही व स्वतःचे पैसे काढण्यासही त्याची संमती लागे. सरकार यास संरक्षण म्हणत असे! १९३६ च्या जानेवारीत बेटकऱ्यांनी या नौकांवर काम करण्याचे नाकारले. संप काही महिने टिकला. १९३७ साली निरनिराळ्या बेटांच्या प्रतिनिधींची पहिली परिषद भरली आणि १९३९ च्या कायद्याने बेटांच्या पंचायतींना स्थानिक कारभारात अधिकार मिळाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात प्लॅस्टिकची बटणे आली व शिंपल्याचा बाजार बसला. तोवर जपानमध्ये मिकिमोतो यांच्या १८९३ साली प्रथम यशस्वी झालेल्या प्रयोगांतून कृत्रिम रोपणाने मोती पिकविण्याचा मोठा धंदा उभा राहिला होता.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ साली तुतिकोरीन येथे समुद्री शिंपल्यात असा मोती तयार केला. गोड्या पाण्यातील शिंपल्याची पद्धत भुवनेश्वर येथील केंद्रीय संस्थेने विकसित केली. शिंपले दोन-तीन दिवस दाटीने ठेवून त्यांचे स्नायू सैल करतात, पडद्यात किंवा अंगात मणी बसवितात, दहा दिवस शुश्रूषा करतात व नंतर जाळीच्या पिशव्यांत घालून तळ्यात टांगतात. मोती तयार होण्यास बहुधा वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणून मे महिन्यात कोरडे पडणारे शेततळे या कामी निरुपयोगी होय. शिंपला पाणी गाळून अन्न मिळवितो. कपाशीवरील फवारणीचे औषध पाण्यात उतरल्यास ते प्रथम त्याच्या अंगात जाते. फवारणीचा पंप तळ्यात धुणे सर्वस्वी वर्ज्य समजावे.

सर्वच मणी मोती होत नाहीत. काही शिंपले मरतात, काही मणी बाहेर टाकतात. शिवाय चीनमधून गोड्या पाण्यातील मोती फार मोठ्या प्रमाणावर बाजारात येत असल्याने साध्या मोत्यास भाव बेताचाच मिळतो. माल परत घेण्याची हमी देऊन कोणी शिंपले व प्रशिक्षण विकू लागल्यास दर, प्रत व मुदत लेखी मागावी, आणि त्याने पूर्वी ज्यांचा माल घेतला अशा दोन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटावे. ग्रामसेवकांनी या चौकशीत साहाय्य करणे इष्ट आहे.

नदीतून पोत्यांनी शिंपले उपसून आणणे मात्र टाळावे. या शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले आरंभीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात व नंतर गाळात उतरतात. मासे नसतील त्या डोहात नवी पिढी होत नाही. रोपणासाठी साधारणतः ८ सेंटिमीटरहून मोठा शिंपला लागतो. त्याहून लहान असलेला पात्रात जेथे मिळाला तेथेच परत ठेवावा.