घड्याळ बदलायचं की फक्त बॅटरी?

आजचा प्रश्न: हातात ॲपल वॉच सिरीज ६ आहे, तर सिरीज १० साठी ईएमआय सुरू करायचा का?

मी तीन गोष्टी बघते. पहिली बॅटरी. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ उघडा. आकडा ८० टक्क्यांखाली असेल, तर संध्याकाळी घड्याळ मान टाकणारच. पण त्यावर उपाय नवी बॅटरी, नवं घड्याळ नव्हे. कंपनी दोन्ही मॉडेल्सना १८ तासच सांगते! फरक आहे चार्जिंगचा: ८० टक्क्यांसाठी जुन्याला साधारण तास, नव्याला अर्धा तास. रात्री झोपेची नोंद ठेवत असाल, तर हा फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट सेन्सर. ईसीजी २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे, ऑक्सिजन मोजणं सिरीज ६ पासून. मनगटाचं तापमान आणि कार अपघात ओळखणं मात्र सिरीज ८ पासून.

तिसरी, अपडेट. २०२४ च्या वॉचओएस ११ मधून सिरीज ४ आणि ५ वगळल्या गेल्या, ६ टिकली.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. सिरीज ४ किंवा ५ असेल, तर बदलायला कारण आहे. सिरीज ६ असेल, तर आधी बॅटरी बदलायचा खर्च विचारा. बघा, पटतंय का!