बिनचावीचा पंखा : पकड कशी बसते?
नाखवा बंधूंनो, शाफ्टवर पंखा चावीच धरून ठेवते असं आपण समजतो. पण चावीच्या खाचेचा कोपरा ही शाफ्टची कमजोर जागा. तडा अनेकदा तिथूनच सुरू होतो. म्हणून बऱ्याच मोठ्या जहाजांवर चावीच नसते. तेलाच्या दाबाने पंख्याचं भोक किंचित फुलवून तो निमुळत्या शाफ्टवर मोजून चढवतात. दाब सोडला की घट्ट आवळतो. साखर कारखान्यात रोलरचं कवच गरम करून शाफ्टवर घालतात, थंड झालं की तेही असंच आवळतं.

आपल्या बोटीची चावी मात्र काढू नका. तिथेही खरी पकड निमुळत्या भागाचीच. बंदीत बोट वर ओढली की निळा रंग लावून पंखा सगळीकडे टेकतो का बघा, खाचेत तडा शोधा. भर समुद्रात पंखा निसटला तर बोट वाऱ्यावर, माणसंही.