सायकल कुरकुरते तेव्हा

कल्याणहून रेल्वेने कर्जतकडे निघाले, म्हणजे पहिले स्थानक लागते विठ्ठलवाडी. तेथून दक्षिणेस मलंगगडाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या वाटांवर डोंगरी सायकल चालविणाऱ्यास पावसाळा सरल्यावर पुष्कळदा एक अनुभव येतो. सपाट रस्त्यावर मुकाट्याने धावणारी सायकल चढ लागताच कुरकुरू लागते. आणि खाली उतरून पाहावे, तर सर्व काही ठीक दिसते!

हा आवाज येतो कोठून? चिखलपाण्याने सांध्यांतील वंगण वाहून जाते व त्याच्या जागी बारीक धूळ शिरते. मग जोर पडला, की तेथील दोन भाग क्षणभर चिकटतात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. त्यामुळे धातू कंप पावतो. सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतून तो कंप दूरवर पसरतो. म्हणूनच सीटखाली उठलेला आवाज पायडलाशी झाल्यासारखा वाटतो. येथे कानापेक्षा युक्तीच अधिक उपयोगी पडते.

प्रथम चालत्या सायकलीवर पायडल मारणे थांबवावे. आवाज थांबला, तर दोष पायडल, क्रँक किंवा साखळी यांपैकी कोठेतरी असण्याचा संभव अधिक. न थांबला, तर चाके तपासावीत. नंतर सीटवरून उठून उभ्याने सायकल चालवावी. आता आवाज बंद झाला, तर सीट व तिचा दांडा यांकडे लक्ष द्यावे.

यापुढे गणित साहाय्यास येते. पुढील दंतचक्राला ३२ दाते व साखळीला ११२ कड्या आहेत असे समजू. पायडलाच्या एका फेऱ्यात ३२ कड्या पुढे सरकतात; म्हणजे साखळीची एक फेरी पुरी होण्यास पायडलाचे साडेतीन फेरे लागतात. प्रत्येक फेऱ्याला आवाज आला, तर पायडल किंवा क्रँक पाहावा; दर साडेतीन फेऱ्यांनी आला, तर साखळीची एखादी कडी आखडली आहे, असे समजावे.

संशयित सांधा सापडला, की तेवढाच उघडावा, पुसावा, वंगण लावून घट्ट करावा व सायकल पुन्हा चालवून पाहावी. मात्र ब्रेक जेथे घासतो, तेथे वंगणाचा थेंबही लागू देऊ नये. सर्व सांधे एकाच वेळी उघडले, तर आवाज कदाचित जाईल. परंतु त्याचे कारण कळणार नाही.

आणि कारण कळणे तर अत्यंत आवश्यक असते. काही वेळा ती कुरकुर धुळीची नसते. हँडलाला किंवा सांगाड्याला गेलेल्या बारीक तड्याची असते. असा तडा दिसताच सायकल चालविणे थांबवावे. चढावर केवळ कुरकुरणारे हँडल उतारावर भर वेगात मोडले, तर स्वाराच्या जिवावर बेतू शकते.